पानाची वरची बाजू

यावर कोणाचा विश्वास बसणार नाही, असं रूपचंदने दगूबाईच्या ओट्यावर टेकता टेकताच जाहीर केलं. लोणखेड्यात असा उन्हाळा कोणी पाहिला नव्हता, आणि कोळ्यांची अशी फजिती तर त्रिभुवनात झाली नव्हती.

कोळी म्हणजे पपईच्या पानांचा रस शोषणारा तो लाल, टाचणीच्या टोकाएवढा जीव. दगूबाई लेकीच्या बाळंतपणाला नवापूरला गेली, तेव्हा जिच्यावर तिचा एकटीचा संसार चालायचा ती पपईची बाग रूपचंदच्या हवाली करून गेली. सांगणं एवढंच, की रोज थोडी पानं उलटून बघा, लाली दिसली तर खालून औषध मारा. रूपचंद हो म्हणाला आणि बांधावरच्या निंबाखाली आडवा झाला. बागेत जायचं मनात यायचं, पण ऊन अंगावर यायचं. मोबाईलवर कोणी सांगत होतं, की ऊन फारच तापलं तर कोळ्यांची अंडी घटतात. तेवढं ऐकून त्याने कूस बदलली. पानाखालच्या सावलीत मात्र उन्हाळा त्यांना मानवतो, पिलावळ झपाट्याने वाढते, हे मोबाईलवाला सांगेपर्यंत गडी घोरत होता.

आता दगूबाई परतली होती. राखणीबद्दल म्हणून लेकीकडचे डिंकाचे लाडू तिने त्याच्यापुढे ठेवले होते. लाडू हातात तसाच धरून रूपचंद बोलत सुटला.

नरांनी म्हणे लग्नालाच नकार दिला, माद्या रुसून माहेरी गेल्या. ज्यांनी अंडी घातली त्यांची जागच्या जागी उकडली. पिल्लं निघाली ती लाह्यांसारखी तडतडत. शेजारचा हेमकांत पोट धरून हसला. दगूबाई हसली नाही. तिच्या पायांना बागेतली ओली माती होती, ती रूपचंदला आत्ता दिसली. त्याचे कान तापले, पण जीभ काही थांबेना. एक कोळीण तर भर उन्हात पानावर पदर घेऊन बसली होती, तो म्हणाला. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली, रोज पाहत होतो.

दगूबाईने मागे ठेवलेलं पपईचं पान पुढे घेतलं. वरून ते नुसतं पिवळट होतं. तिने ते उलटं केलं. बारीक जाळ्यात लाल ठिपके पळत होते, हिरवं असं काही उरलंच नव्हतं. हेमकांतचं हसू थांबलं. रूपचंदने हातातला लाडू परत ठेवला.

"भाऊ," ती हळूच म्हणाली, "कोळी पानना खाले ऱ्हातस. तुम्ही एक बी पान उलटं करं नही."