बिनविरोध

"यशोधनकाका, स्मोक डिटेक्टरला शॉवर कॅप कोणी लावली होती?"

हा प्रश्न विचारायची पैज माझ्या मंडळातल्या मित्रमैत्रिणीने, ईशान आणि कादंबरीने, माझ्याशी लावली होती. "दम असेल तर मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर विचार," कादंबरी म्हणाली. ईशान म्हणाला, "नाही विचारणार यार ती, तिचे बाबा समोरच बसलेले असतात." गेल्या वर्षीची मी असते तर खरंच नसतं विचारलं. पण या वर्षी मी डिबेट टीममध्ये आहे. आपण उभं राहून बोललो की लोक ऐकतात, हे मला नुकतंच कळलंय आणि तेव्हापासून मला गप्प बसवतच नाही.

लायब्ररीची खोली मराठी मंडळाच्या लोकांनी भरली होती. उत्तर त्यातल्या प्रत्येकाला माहीत होतं. गणपतीची आरती आम्ही इथे अमेरिकेत, नेपरव्हिलमधल्या एका शाळेच्या कॅफेटेरियात करतो. तिथे काहीही पेटवायचं नाही, अशी शाळेची अट होती. पण मंडळाचे अध्यक्ष यशोधनकाका म्हणाले, कापराशिवाय कसली आरती, आणि शिडीवर चढून त्यांनी हॉटेलातून आणलेली शॉवर कॅप डिटेक्टरवर चढवली. आपल्याकडे पुऱ्या तळताना घरोघरी चढवतात, अगदी तशी. तो डिटेक्टर गप्प राहिला. बाहेर कॉरिडॉरमधला मात्र कोकलायला लागला. फायर ट्रक आला, फायरमनने आत येऊन वर पाहिलं, आणि झालं. गावातल्या सगळ्या सरकारी शाळा चालवणाऱ्या स्कूल डिस्ट्रिक्टने मंडळाला सगळ्या शाळांची दारं बंद केली. दिवाळीचा कार्यक्रम गेला, रविवारची मराठी शाळाही गेली.

"हिमानी बेटा," काका हसत म्हणाले, "झालं गेलं आता उकरायचं नाही. आता नवीन पर्व. मी स्वतः पायउतार होतोय. पुढच्या अध्यक्षपदासाठी मी नाव सुचवतो, आपल्या जागृतीताई. मंडळाची पहिली महिला अध्यक्ष."

जागृती म्हणजे माझी आई.

"आणि एक विनंती," काका म्हणाले, "दुसऱ्या कोणी फॉर्म भरू नका. आपल्या मंडळात आजवर कधी मतदान झालेलं नाही, सगळं बिनविरोध. म्हणजे भाषणं नाहीत, प्रश्नोत्तरं नाहीत, निवडणुकीची सभा संपली की थेट जेवण."

टाळ्या पडल्या. माझा प्रश्न त्या टाळ्यांखाली कुठेतरी चेंगरून मेला. ईशानने लांबूनच शाब्बास म्हणून अंगठा वर केला, मी मान फिरवली.

घरी येताना बाबा गाडी इतकी हळू चालवत होते की मागचे लोक हॉर्न देत होते. "बिनविरोध," ते म्हणाले. मग खुलून हसत पुन्हा, "बिनविरोध, जागृती."

बाबांचं नाव धम्मदीप, गाव नागपूर. आमच्या घरी गणपती बसत नाही, बुद्धवंदना होते. मंडळात आम्ही जातो ते मराठीसाठी. आई रविवारी लहान मुलांना बाराखडी शिकवते आणि बाबा खुर्च्या लावतात. मला कळायला लागल्यापासून लावतायत. त्यांना कोणी कधी स्टेजवर बोलावलेलं नाही. एप्रिलमध्ये जयंती करू या, असं त्यांनी दोनदा सुचवलं होतं, तर म्हणे कॅलेंडर फुल आहे. आरती चालू होती तेव्हा आम्ही तिघं मागे प्लेट्स मांडत होतो.

दुसऱ्या दिवशी हिस्टरीच्या तासाला मिस्टर हॅलोरननी जर्मनी सुरू केलं. १९१८. युद्ध हातचं गेलंय हे सेनापतींना कळून चुकलेलं असतं. इतकी वर्षं देश जवळजवळ त्यांनीच चालवलेला असतो, लोकशाहीची त्यांना कधी आठवणही झालेली नसते. आता मात्र होते. पार्लमेंटातल्या लोकांना ते म्हणतात, या, सरकार तुमचं, आता बोलणी तुम्ही करा. मग फ्रान्समधल्या एका जंगलात, रेल्वेच्या डब्यात, शस्त्रसंधीवर सही करायला जे लोक गेले त्यांचा प्रमुख होता एक साधा राजकारणी. सैन्याचा माणूसही नाही. जे युद्ध हरले ते मोठे सेनापती तिकडे फिरकलेच नाहीत.

त्यानंतरचं ऐकताना मी खुर्चीत सरळ बसले. जानेवारीत तिथल्या बायकांनी पहिल्यांदा मतदान केलं. बर्लिनमध्ये गोळ्या चालत होत्या, म्हणून नवी असेंब्ली वायमार नावाच्या गावात, एका थिएटरमध्ये भरली. लोक उपाशी, देश हरलेला, आणि हे बसून राज्यघटना लिहितायत. मला ते सगळे एकदम आवडले. आणि मग मिस्टर हॅलोरननी सांगितलं की वर्ष उलटतंय तोच एक सेनापती चौकशी समितीसमोर म्हणाला, आमचं सैन्य हरलंच नव्हतं, देशातल्याच लोकांनी त्याच्या पाठीत सुरा खुपसला. लोकांनी ते खरं मानलं. रेल्वेच्या डब्यात सही करणारा तो माणूस १९२१ मध्ये फिरायला गेला असताना त्याला गोळ्या घातल्या.

मी हात वर केला. "पण ते गेलेच का? सेनापतींना म्हणायचं ना, तुम्ही हरलात, तुम्ही सही करा."

"घाई होती," मिस्टर हॅलोरन म्हणाले. "माणसं मरत होती. आणि हेही असेल, की आपल्याला कोणी बोलावेल याची त्यांनी फार वर्षं वाट पाहिली होती."

मला बाबांचा गाडीतला चेहरा दिसला. उरलेल्या तासात मी पेनाने वहीचं पान फाटेपर्यंत एकच रेघ ओढत बसले.

संध्याकाळी काकांचा फोन आला. आई पोळ्या करत होती, म्हणून तिने फोन स्पीकरवर ठेवला.

"ताई, अध्यक्ष झाल्यावर पहिलं काम सोपं आहे. डिस्ट्रिक्टच्या ऑफिसात सुनावणी आहे, तिथे माफीनाम्यावर सही करायची. आमच्याकडून फायर सेफ्टीच्या उपकरणाशी छेडछाड झाली, एवढंच."

"आमच्याकडून म्हणजे कोणाकडून?" आईने विचारलं.

"मंडळाकडून. म्हणजे अध्यक्षांकडून. आणि तुम्ही डिस्ट्रिक्टच्याच ना, तुमचं ऐकतील ते."

आई डिस्ट्रिक्टची आहे म्हणजे काय, ते सांगते. ती एका शाळेत असिस्टंट आहे. रात्रीचे कोर्सेस करून तिने टीचरचं लायसन्स मिळवलंय आणि येत्या स्प्रिंगमध्ये पूर्ण वेळच्या टीचरच्या जागेसाठी तिचा इंटरव्ह्यू आहे. इंटरव्ह्यू घेणार डिस्ट्रिक्ट, माफीनामा जाणार डिस्ट्रिक्टकडे, आणि खाली नाव जागृती.

"बघते," म्हणून आईने फोन ठेवला आणि पोळी उलटली. ती करपली होती.

"तू सही करणार नाहीयेस," मी म्हणाले.

"आवाज खाली."

"आई, त्यांनी तुला अध्यक्ष केलं नाहीये, त्यांनी तुला त्या रेल्वेच्या डब्यात पाठवलंय."

"कुठल्या डब्यात?" बाबा आत आले.

मग मी ओट्याला टेकून सगळं जर्मनी सांगितलं. सेनापती, सही, सुरा, सगळं. बाबा शांतपणे ऐकत होते, पण शेवटी म्हणाले, "असं काहून बोलतेस, हिमानी? त्यांनी मान दिला आपल्याला. पहिल्यांदा दिला."

"कधी दिला, बाबा? कॅफेटेरिया चालू होता तेव्हा दिला? मंडळाला तिथून बाहेर घालवल्यावर दिला. पुढच्या वर्षी हेच काका सगळ्यांना सांगतील की मंडळ चांगलं चाललं होतं, या लोकांच्या हातात गेलं आणि बुडालं. 'या लोकांच्या' म्हणजे कोणाच्या ते मी सांगू?"

बाबांनी खुर्ची ओढली आणि तिच्यावर न बसता नुसते तिची पाठ धरून उभे राहिले.

"मला कळत नाही असं वाटतं तुला?" आई म्हणाली. ती माझ्याकडे बघत नव्हती. "टाळ्या पडत होत्या तेव्हाच कळलं. पण माझी रविवारची मुलं 'ळ' लिहायला विसरली असतील आतापर्यंत. कोणीतरी सही केल्याशिवाय ती खोली परत मिळणार नाही."

"जो शिडीवर चढला त्याने करावी."

"आणि तो करत नसेल तर?"

"तर त्याला सगळ्यांसमोर विचारायचं."

"विचारलंस की काल. काय झालं?"

मी तणतणत खोलीत गेले, दार आपटलं, लॅपटॉप उघडला आणि मंडळाच्या वेबसाइटवर निवडणुकीचे नियम वाचायला घेतले. रागात माझं वाचन फार चांगलं होतं. एकच उमेदवार असेल तर बिनविरोध. दोन असतील तर दोघांची भाषणं, मावळत्या अध्यक्षांनी वर्षाचा अहवाल उभं राहून वाचायचा, सभासदांनी प्रश्न विचारायचे, उत्तर दिल्याशिवाय मतदान सुरू करायचं नाही. एवढं सगळं आमच्या मंडळात लिहून ठेवलेलं आहे, आणि ते एकदाही वापरलेलं नाही. सोळा पूर्ण झालेल्या कोणालाही उभं राहता येतं. तरुण पिढी पुढे यावी म्हणून हा नियम गेल्या वर्षी यशोधनकाकांनीच आणला आणि त्याचे फोटोही टाकले.

मी ईशान आणि कादंबरीला मेसेज केला. सूचक आणि अनुमोदक लागतात, दोघंही माझ्यासारखेच सोळाचे आहेत. ईशानने लिहिलं, डॅड मला मारतील. पाच मिनिटांनी लिहिलं, ओके, टाक माझं नाव.

मी स्वयंपाकघरात परत आले. दोघं जेवायला बसले होते, पण कोणी जेवत नव्हतं.

"आई, मी अध्यक्षपदाचा फॉर्म भरलाय," मी म्हणाले. "तुझ्याविरुद्ध."

बाबांनी मान वर केली. "आईविरुद्ध?"

"आईविरुद्ध नाही, बिनविरोधच्या विरुद्ध. आता मतदान होणार. काकांना माइकसमोर उभं राहून सांगावं लागेल की शिडीवर कोण चढलं होतं, आणि ते सांगत नाहीत तोपर्यंत मी खाली बसणार नाही. मला मत नका देऊ, दोघांनीही आईलाच द्या. तिलाच निवडून यायचंय, पण मोजून, सगळं सगळ्यांच्या तोंडावर बोलून झाल्यावर. आणि आई, काकांचा फोन येईल, ते म्हणतील ताई, घरातलं भांडण नको, तुम्ही नाव मागे घ्या. घेऊ नकोस. तू घेतलंस तर मी बिनविरोध येईन."