ढगाळ दिवसांची पवनचक्की

मित्रांनो, मी एक जुनी पवनचक्की आहे. पण थांबा, डोंगरमाथ्यावरची ती उंच, पांढरी, दिमाखदार पवनचक्की लगेच डोळ्यांपुढे आणू नका. ती माझी कुणी लागत नाही. मी इतकी लहान आहे की एक माणूस मला काखेत मारून नेऊ शकतो. एका शिडाच्या होडीच्या मागच्या टोकाला पोलादी खांब आहे, त्याच्या डोक्यावर मी बसते. होडीवर बाकी सगळ्यांना सोबत आहे. नांगराला साखळी आहे, शिडाला दोर आहेत, सुकाणूवरच्या छतावर दोन सोलर पॅनल अंगाला अंग लावून पडलेले असतात. खांबावर मात्र मी एकटीच आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे माझी तीन बारीक पाती घासूनपुसून सारख्या वजनाची केली. मग एका कामगार बाईने मला हाताने गरकन फिरवले, कान जवळ आणून ऐकले आणि समाधानाने मान हलवली. इतक्या जवळून मला कुणी ऐकले ते तेवढेच. पुढे मी खोक्यात गेले. खोक्यावर ठसठशीत अक्षरांत छापले होते, चारशे वॅट. त्याखाली मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरांत आणखी एक ओळ होती. ती ओळ वाचायची राहिली, आणि माझे आयुष्य ठरले.

मला घ्यायला दोघे जण आले होते. तो लिफ्ट दुरुस्त करणारा मिस्त्री, ती शाळेत भूगोल शिकवणारी बाई. दोघे निवृत्त झालेले. राहते घर मुलीला देऊन ते होडीवर राहायला गेले होते. बाईंना मधुमेह होता. त्यांचे इन्सुलिन होडीवरच्या छोट्या फ्रिजमध्ये असायचे, एकदम तीन महिन्यांचे, कारण औषधाचे दुकान रोज वाटेत येत नाही. ऊन असेपर्यंत सोलर पॅनल फ्रिज चालवत. दोन दिवस आभाळ आले की बॅटरी मान टाकायची, आणि मिस्त्री आभाळाकडे बघत बसायचे. ढगाळ दिवसात वीज कोण देणार? वारा देणार. म्हणून ते दुकानात आले होते.

बाईंनी एक वही आणली होती. तिच्यात त्यांनी सगळ्या पवनचक्क्यांना परीक्षेसारखे गुण दिले होते. वीज किती, आवाज किती, वजन किती, दुरुस्ती सोपी की अवघड. मला शंभरपैकी एकसष्ट मिळाले होते आणि पुढे शेरा होता, ‘वर्गात फार बडबड करते.’ शेजारच्या फळीवरच्या सहा पात्यांच्या पवनचक्कीला चौऱ्याहत्तर होते. ती संथ आणि शांत. वाऱ्याच्या झुळकीवरही फिरणारी.

“अहो, ही सहा पात्यांचीच घेऊ,” बाई म्हणाल्या. “ही गरीब स्वभावाची वाटते.”

“अगं, पण तिच्यावर दोनशेच लिहिलंय. हिच्यावर चारशे!” मिस्त्री म्हणाले. “दुप्पट ना? औषधाचा प्रश्न आहे, त्यात हात आखडता नको.”

बाईंनी वही मिटली. नवऱ्याला आपली काळजी आहे म्हटल्यावर कोण हट्ट धरणार?

आता ती बारीक ओळ काय होती ते सांगते. चारशे वॅट खरेच मिळतात, पण केव्हा? होडीवाली शहाणी माणसे नांगर उचलून पळ काढतात, अशा वाऱ्यात. साध्या वाऱ्यात मी जेमतेम फिरते आणि झुळकीवर तर हलतसुद्धा नाही. त्यातून बाईंचा पाय एकदा डेकवरून घसरला होता, त्यामुळे मिस्त्री नांगर टाकायला शोधून शोधून आडोशाची जागा काढत. तिन्ही बाजूंनी टेकड्या, पाणी आरशासारखे, झाडाचे पान हलत नाही. वाऱ्यासाठी मला घेतले आणि वारा नसेल तिथे नेऊन ठेवले. प्रवासातही तीच गत. वारा पाठीमागून असला की होडी वाऱ्याबरोबर पळते, माझ्या वाट्याला तो उरत नाही. पहिली दोन वर्षे मी खांबावर नुसती शोभेला होते. सीगल पक्षी येऊन डोक्यावर बसत. बसत म्हणजे काय काय करत ते सांगत नाही.

आणि कधी वारा सुटलाच, मी उत्साहाने फिरू लागले, तर शेजारच्या होडीतून ओरडा यायचा, “अहो मिस्त्री, ते तुमचं किंचाळणं बंद करा की!” मग मिस्त्री ओशाळून हसत आणि माझी पाती दोरीने बांधून टाकत. मला फार वाईट वाटायचे. गप्प बसले तर कुणाला आठवत नव्हते आणि काम केले तर कुणाला सहन होत नव्हते.

तिसऱ्या वर्षी एका खाडीत आम्ही असताना आभाळ भरून आले आणि हटेना. चार दिवस झाले, पाच झाले. इंजिन चालवून बॅटरी भरता आली असती, पण इंजिनाची वीज करणारा भाग आदल्याच आठवड्यात जळाला होता. औषध मिळेल असे गाव दोन दिवसांच्या अंतरावर होते. फ्रिजमधल्या तापमापकाचा आकडा पाचावरून आठावर गेला, आठावरून अकरावर. आठाच्या वर औषध फार दिवस टिकत नाही. मिस्त्री दर अर्ध्या तासाने फ्रिज उघडायचे आणि बाई म्हणायच्या, “अहो, सारखं उघडून बघितलं तर आणखी गरम होईल ना.”

सहाव्या दिवशी सकाळी बाई बाहेर आल्या. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिले, मग टेकड्यांकडे पाहिले.

“अहो, हिच्यात बिघाड नाही. आपण हिला चुकीच्या वर्गात बसवलंय,” त्या म्हणाल्या. “चला, बाहेर जाऊ. टेकडीच्या पलीकडे वारा आहे.”

“तिथे होडी डोलेल गं. तुला झेपायचं नाही.”

“आणि औषध वाया गेलं तर ते झेपेल का?”

मिस्त्री होडीच्या पुढच्या टोकाला गेले. त्यांनी नांगर उचलला.

टेकडीच्या टोकाला वळसा घातला आणि मित्रांनो, वारा माझ्या अंगावर आला! मी फिरले. तीन दिवस मी जीव तोडून फिरले, तोंड आवरले नाही. खाली होडी पाळण्यासारखी हेलकावत होती. बाई केबिनच्या जमिनीवर बादली जवळ घेऊन पडून होत्या. माझा प्रत्येक चीत्कार त्यांच्या डोक्यात जात असणार, पण बंद करा असे त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. तापमापक दहावर आला, मग सातावर, मग पाचावर. औषध वाचले. तिसऱ्या दिवशी बाई भिंतीला धरून उठल्या, वही काढली, लाल पेनाने माझ्या एकसष्टचे बासष्ट केले. बाई गुणांच्या बाबतीत भलत्याच कंजूष होत्या. मला मात्र पहिला नंबर आल्यासारखे वाटले.

तेव्हापासून त्यांचा नियमच ठरला. ऊन असेल तर आडोसा, ढग असतील तर वारा. माझे सुखाचे दिवस म्हणजे नेमके त्यांचे हालाचे दिवस. त्यामुळे मी आनंदाने फिरायचे आणि त्याच वेळी मला अपराध्यासारखेही वाटायचे. हे कुणाला सांगणार? अशी अकरा वर्षे गेली.

मग एका ऐन उन्हाळ्यात बाईंना छातीत दुखू लागले. मिस्त्री त्यांना छोट्या होडीतून किनाऱ्यावर घेऊन गेले. जाताना त्यांनी मला घाईघाईने बांधले. चार महिने कुणी आले नाही. पॅनल आपापले ऊन पीत होते, फ्रिज आपला घुरघुरत होता. मी किनाऱ्याकडे तोंड करून बांधलेली होते, म्हणून येणारी प्रत्येक होडी मला दिसायची. त्यातली एकही आमच्याकडे वळायची नाही.

शेवटी मिस्त्री आले, सोबत त्यांची मुलगी होती. बाई नव्हत्या. मुलीने आईचे कपडे, चष्मा, पुस्तके पिशव्यांमध्ये भरली. मग तिने फ्रिज उघडला. आत दूध नव्हते, भाजी नव्हती. इन्सुलिनचा एक डबा होता.

“बाबा, हे कशाला ठेवलंय? तारीखही उलटून गेली आहे.”

“राहू दे.”

“अहो बाबा, आता कुणाला—”

“राहू दे म्हटलं ना.”

मुलीने फ्रिजचे दार हळूच लावले. होडी विकण्याबद्दल ती जे बोलायला आली होती, ते न बोलताच गेली.

मिस्त्री आता एकटेच होडीवर राहतात. ते जेवण रोजचे रोज करतात, उरलेले झाकून ठेवतात. फ्रिजमध्ये तो डबा सोडून काही ठेवत नाहीत. आणि आभाळ भरून आले की हा पंचाहत्तरीचा माणूस एकट्याने नांगर उचलतो, टेकडीला वळसा घालून होडी वाऱ्यात आणतो, माझी दोरी सोडतो. मी फिरते. तापमापक पाचावर राहतो. तो पाचावर आहे एवढे बघून ते सुकाणूपाशी येऊन बसतात.

पण मित्रांनो, माझे बेअरिंग गेले आहे. खाऱ्या हवेने आतून गंज धरलाय, आणि हल्ली फिरताना माझ्या पोटातून खरखर आवाज येतो. मिस्त्रींना तो कळतो. त्यांनी चाळीस वर्षे लिफ्टचे आवाज ओळखलेत, त्यांना न कळून कसे चालेल? नवे बेअरिंग त्यांनी आणूनही ठेवले आहे. पण ते बदलायचे तर खांबाला शिडी लावून वर यावे लागते, आणि होडी हलत असते म्हणून खाली कुणीतरी ती शिडी धरावी लागते. ते काम बाईंचे होते. परवा मिस्त्रींनी शिडी लावली, दोन पायऱ्या चढले, खाली पाहिले आणि उतरले.

आणखी किती ढगाळ दिवस मी काढीन, मला ठाऊक नाही. म्हणून तुम्हाला एक विनंती करते. तुमच्यापैकी कुणी घरच्या मोठ्यांबरोबर त्या बाजूला आलात आणि एखाद्या होडीच्या मागच्या खांबावर खरखरणारी पवनचक्की दिसली, तर मिस्त्रींना हाक मारा. ते “नको, नको, मी बघतो” म्हणतील. तुम्ही ऐकू नका. मोठ्यांना घेऊन होडीवर चढा आणि ते खाली येईपर्यंत शिडी घट्ट धरून ठेवा. फ्रिजबद्दल मात्र त्यांना काही विचारू नका.