गळा मोठा, टाका बारीक

मोमेना लग्न होऊन नदीकाठच्या मटियाबुर्ज वस्तीत आली तेव्हा तिचा नवरा जहाजावर कामाला होता. घरात शिलाई मशीन होतं आणि तिच्याकडे रिकाम्या दुपारी होत्या. गल्लीत घरोघरी लहान मुलांचे कपडे शिवले जात, म्हणून तिनंही फ्रॉक शिवायला घेतले. चकचकीत कापड, गळ्याला जाळीची झालर. लांबून पाहिले तर परीचे वाटत.

ते घेऊन ती नदीपलीकडच्या हाटात, कपड्यांच्या बाजारात, जाऊन बसली. एका बाईनं फ्रॉक पोरीच्या डोक्यातून घालून पाहिला. तो कानांशीच अडकला. पोरीनं भोकाड पसरलं, आणि बाईनं फ्रॉक ओढून काढून खाली ठेवला. त्यानंतर कुणी थांबलंच नाही. मोमेना गाठोडं जसंच्या तसं घेऊन घरी आली.

घरात नवऱ्याची मावशी होती, जाहेदा खाला. तिनं आयुष्यभर एका उस्ताद शिंप्याच्या कारखान्यात फक्त बाह्या शिवल्या होत्या. तिथं गळा एक करी, घेर दुसरा, बाह्या खालाकडे. तिनं फ्रॉक उलटा केला आणि आतली शिवण मोमेनाच्या गालावर घासली. मोमेनानं मान मागे घेतली.

"तुला टोचलं ना? मग पोर काय दिवसभर हसत बसेल?" खाला म्हणाली. "आणि बौमा, अगं सूनबाई, लेकराचं डोकं अंगाच्या मानानं मोठं असतं. गळा मानेचा नाही बेतायचा, डोक्याचा बेतायचा. मागे चीर दे, बटण लाव."

मोमेनानं विचारलं, पण मापं कुणाची घ्यायची? जागं पोर एका जागी ठरत नाही.

खालानं तिला गच्चीवर नेलं. हिवाळ्याची दुपार होती. गल्लीतली पोरं जेवून उन्हात गोधड्यांवर झोपली होती. धक्क्याकडून एखाद्या जहाजाचा भोंगा येई, लांबत लांबत विरून जाई. दोघी चवड्यांवर चालत त्यांच्यात फिरल्या. खाला दोरा खांद्यापासून गुडघ्यापर्यंत धरी, मग डोक्याभोवती, आणि गाठ मारी. माप घेताना एक पोरगी झोपेतच हसली. मोमेनाला वाटलं, आपण माप घेत नाही, पोरांची स्वप्नं हळूच उचलून पाहतोय.

खालाच्या सांगण्यावरून तिनं नवं सुती कापड आधी भिजवून वाळवलं, म्हणजे पुढं आटायला नको. वाढत्या अंगासाठी शिवणीत माया ठेवली, खाली रुंद दुमड घातली. शिवणीच्या कडा आत दुमडून बंद केल्या. बटण लावून झालं की खाला ते दातांनी ओढून बघे. "तोंडात जाणारच ते. निघता कामा नये."

एक पिवळा फ्रॉक मात्र खालानं स्वतः बेतला. गळा, घेर, बाह्या, सगळं तिनंच शिवलं. मोमेना हात लावायला गेली तर तिनं तो बाजूला सारला. पूर्ण झाल्यावर शेजारच्या चार वर्षांच्या टुनीला हाक मारली. फ्रॉक डोक्यातून सुळकन उतरला. टुनी गच्चीभर गिरक्या घेत राहिली, घेर फुलला की खाली बसे, बसला की पुन्हा उठे.

खाला भिंतीला टेकून बघत होती. म्हणाली, "माझ्या बाह्या कुणाच्या अंगावर हलताना मी आजच बघतेय."

टुनीनं तो फ्रॉक काढून दिला नाही. कुणी मागितलाही नाही.

पुढच्या हाटाला मोमेना बाकीचे घेऊन गेली. बिहारकडचा एक म्हातारा व्यापारी थांबला. त्यानं रंग पाहिला नाही. फ्रॉक उलटा केला, शिवणीवरून अंगठा फिरवला, गळ्यातून मूठ आरपार नेली. मग सगळे एका पोत्यात भरायला सांगितले आणि ईदच्या आधी आणखी आणशील का, असं विचारलं. मोमेनानं मान डोलावली.

परतीच्या बोटीत तिच्या मांडीवर हाटातून घेतलेलं नवं कापड होतं, पांढऱ्यावर निळे मासे. नदीवर धुकं उतरलं होतं, पलीकडचा काठ दिसत नव्हता. मासे उलटे येऊ नयेत म्हणून घेर कसा बेतायचा, या विचारात ती बोट काठाला लागली तरी बसूनच राहिली.