अनुसूयेची आमटी

रेवदंड्यापासून आक्षीपर्यंत कुणाकडेही मुंज असो की लग्न, अण्णा आचाऱ्यांनी हो म्हटल्यावरच यजमान मुहूर्त पक्का करायचे. अण्णांच्या हाताचं नाव होतंच, पण त्याहून जास्त नाव होतं नाकाचं. नैवेद्याचा स्वयंपाक देवाआधी कुणी चाखायचा नाही, हा रिवाज. तेव्हा मीठ बरोबर पडलंय की नाही, हे अण्णा नुसत्या वाफेवरून सांगायचे. झाकण बाजूला करायचे, डोळे मिटून वास घ्यायचे आणि ‘झालं’ म्हणायचे. लोक हे बघायला मुद्दाम चुलीपाशी यायचे, आणि खोटं कशाला बोला, अण्णांनाही लोक आलेले आवडायचे.

हे नाक गेल्या पावसाळ्यातल्या तापात साफ कामातून गेलं होतं, ही गोष्ट मात्र दोघांनाच ठाऊक होती. एक स्वतः अण्णा आणि दुसरी त्यांची मुलगी अनुसूया. तेव्हापासून वास घ्यायचे अण्णा आणि सांगायची अनुसूया. तेही चुलीतलं लाकूड पुढे सारायच्या निमित्ताने खाली वाकून, हळूच. ती ‘पुरे’ म्हणाली की अण्णा ‘झालं’ म्हणायचे, आणि शाबासकी अण्णांना मिळायची.

अनुसूयेने नुकतीच विशी ओलांडली होती. पुरण वाटणं, पोळ्या लाटणं, नारळ खवणं ही बायकांची कामं, आणि मोठ्या पातेल्याची चूल पुरुषांची, ही वाटणी तिच्या जन्माआधीच होऊन गेली होती. ती कुणी केली हे कळलं असतं, तर तिने त्याला गाठून जाब विचारला असता. तिला ती चूल हवी होती. नुसती लुडबुड नको, ताबा हवा होता. ‘आज आचारी कोण?’ असं कुणी विचारलं की आपलं नाव निघावं, एवढंच तिचं म्हणणं. हे ‘एवढंच’ केवढं आहे, ते तिलाही कळत होतं.

महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या आदल्या वर्षी चैत्रात देवळाचा उत्सव होता. देवळामागच्या मांडवात सगळ्या गावाचा स्वयंपाक चालला होता. डाळिंब्यांची उसळ आणि अळूची भाजी उतरवून झाली होती. चिंचगुळाची आमटी तेवढी उकळत होती. मीठ अनुसूयेनेच घातलं होतं, आणि वाफ अंगावर आली तशी ती मनाशी म्हणाली, जमलं.

हे अण्णांना सांगायला ती वाकणार, तोच देवळाचे पंच नरहरपंत येऊन उभे राहिले. “काय अण्णा, नाक अजून तसंच आहे ना?” त्यांनी आपलं सहज विचारलं, पण अण्णांना ते झोंबलं. मुलीकडे न बघता त्यांनी झाकण उचललं, लांब श्वास घेतला आणि मांडवभर ऐकू जाईल असं सांगितलं, “अंमळ कमी आहे.” आणि मिठाच्या मडक्यात हात घालून मूठभर मीठ काढलं.

अनुसूया दोन्हीकडून अडकली. गप्प बसावं तर आमटी खारट होणार, अण्णांचं हसं होणार, आणि त्यांची चूल गेली की आपली आशाही गेली. बोलावं तर चारचौघांत बापाला खोटं पाडणं आलं.

“अण्णा, मीठ पुरे आहे.”

पोळ्या लाटणाऱ्या बायकांचे हात थांबले. नरहरपंत हसले. “अगं पोरी, कुणाला सांगतेस?”

अनुसूयेने झाकण पातेल्यावर ठेवलं आणि पदराने दाबून धरलं. “आमटी अळणी निघाली तर यापुढे मी चुलीच्या वाऱ्याला उभी राहणार नाही. जन्मभर नारळ खवीन. पण आता यात मीठ पडू देणार नाही.”

अण्णा संतापाने लाल झाले. मूठ तशीच हवेत. नाकाची गोष्ट तिने तेव्हा फोडली असती तर वाद मिटला असता, पण ती त्याबद्दल चकार शब्द बोलली नाही. बापाकडे नुसती बघत राहिली. अण्णांनी मूठ परत मडक्यात मोकळी केली.

“ही आमटी हिची,” ते नरहरपंतांना म्हणाले. “बरी होवो, वाईट होवो, हिचीच.”

नैवेद्य झाला, पंगत बसली. देवाच्या जेवणाला तोंडाने कुणी अळणी म्हणत नाही. मीठ कमी वाटलं तर पानाच्या वरच्या बाजूला वाढलेलं चिमूटभर मीठ माणूस गुपचूप भातात कालवतो. तेव्हा निकाल काय तो पानांवर. लोक उठले तशी अनुसूया पानं उचलायच्या आत रांगेत शिरली. मागून अण्णा.

पहिल्या पानावर मीठ जसंच्या तसं. पुढच्या पानावर तसंच. त्याच्या पुढच्याही. तिची मान ताठ होत चालली. आणि नरहरपंतांच्या पानाशी ती थांबली. त्यांच्या पानावर मिठाचा कणसुद्धा नव्हता.

उष्टी काढायला टोपली घेऊन उभी असलेली चंद्राबाई म्हणाली, “त्यांचा मीठ ताकात गेला गो. मी बघत व्हते ना. आमटी तर दोनदा मागून घेतली त्यांनी.”

अनुसूयेला रडू आलं, आणि ते तिने लपवलं नाही. इतका अभिमान तिला आयुष्यात कधी वाटला नव्हता. अण्णा पानांच्या रांगेकडे बघत होते. त्यांची छातीही फुगली होती.

एवढ्यात नागावचे एक गृहस्थ हात धुऊन आले. “अण्णा, वैशाखात धाकट्याची मुंज काढतोय. येणार ना?”

“मला काय विचारता? हिला विचारा,” अण्णा म्हणाले. “आचारी ही आहे.”

गृहस्थ गोंधळले. अनुसूयेने डोळे पुसले आणि पदर खोचला.

“येईन,” ती म्हणाली. “सामान मी सांगेन ते आणायचं. आणि चुलीशी माझ्यावर हुकूम कुणी करायचा नाही. अण्णांनीसुद्धा.”

“कबूल,” यजमानांच्या आधी अण्णाच म्हणाले.