हेलीचा धूसर फोटो

बिंदू सरोवराच्या रस्त्यावर धनेश्वर महाराजांच्या मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. सिद्धपुरात लोक आईच्या श्राद्धाला येतात. महाराज मेलेल्या आईला थेट कॅमेऱ्यात पकडत. कुटुंब एका ओळीत उभं करायचं, फोटो काढायचा. ज्याचा चेहरा धूसर, त्याला वारलेली बा, म्हणजे आई, वर बोलावतेय!

आम्हीही आजेसासूंचं, म्हणजे मोटी बाचं, श्राद्ध करून मांडवात आलो. आमच्या फोटोत माझी चार वर्षांची हेली धूसर आली. सासूबाईंनी महाराजांचे पाय धरले.

"मोटी बा पणतीला ओढतेय," महाराज डोळे मिटून म्हणाले. "औषधानं ती जास्तच कोपते. आजपासून गोळ्या बंद. पोरगी एकवीस दिवस आश्रमात राहील."

हेलीला फिट येतात. गोळी एक दिवसही चुकवू नका, असं डॉक्टरांनी बजावलंय. तिचा श्वास मी झोपेतही ऐकत असते.

भीतीपोटीच मी फोटो पुन्हा पाहिला. हेलीशेजारचा मांडवाचा खांबही धूसर होता.

"महाराज, या खांबाची कोण वारली?"

"वहू, जीभ आवर!" सासूबाई ओरडल्या.

"बा, आजारी माणसाला उजव्या टोकाला उभं करा, असं यांनीच सांगितलं ना?"

मी कॅमेऱ्याकडे गेले. भिंग एका बाजूला वळलेलं होतं. गावातल्या व्होरा व्यापाऱ्यांच्या जुन्या हवेल्यांचे फोटो काढायला आलेल्या छायाचित्रकार रूपलबेननी असंच भिंग मला दाखवलं होतं.

"हात लावशील तर भस्म होशील!" महाराज गरजले.

"होऊ दे. तुम्ही हेलीच्या जागी उभे राहा."

"राहा की महाराज, घाबरता काय?" गर्दीतून आवाज आला. महाराजांना उभं राहावंच लागलं. हेलीला मी डाव्या टोकाला नेलं.

मी बटण दाबलं. फोटोत हेली लख्ख. महाराजांना नाकडोळेच नव्हते!

"महाराज, तुमची बा हाका मारतेय, निघा आता!" एक म्हातारे काका म्हणाले. मांडव हसला.

मग कळ फिरवून मी भिंग सरळ केलं. पुन्हा काढलेल्या फोटोत सगळे चेहरे स्पष्ट आले; खांबही.

हे भिंग सरकवलं की उंच हवेल्या फोटोत ताठ उभ्या दिसतात. तिरकं केलं की ओळीचं एक टोक स्पष्ट, दुसरं पुसट. छायाचित्रकाराच्या रोजच्या कामाची ही वस्तू. हा माणूस तिच्या जोरावर मुलांची औषधं बंद करत होता.

आयांनो, घाबरा, मीही घाबरते. पण घाबरल्यावर हात जोडू नका, प्रश्न विचारा. चमत्काराचं यंत्र हातात मागा. जो देत नाही, त्याच्या हाती मूल देऊ नका.