वरचे दोन किलोमीटर

अप्पांनी मीटरची काच वर्तमानपत्रावर उपडी ठेवली आणि स्क्रू ओठांत धरले, त्यामुळे बराच वेळ घरात कुणाला बोलणी बसली नाहीत.

मोटरसायकल ओट्यासमोर एक डोळा काढल्यासारखी उभी होती. पंचाक्षरी डबीच्या झाकणात रॉकेल घेऊन बापाशेजारी बसला होता. झाकण हलत होतं.

"थंडी हाय," तो म्हणाला. कुणी विचारलं नव्हतं.

रामलिंग अप्पा मोजणी खात्यात होते. भूकंपानंतर वसवलेल्या गावांत त्यांनी मोजलेल्या प्लॉटांवरून वीतभरही भांडण झालं नव्हतं. जी झाली ती इतर कारणांवरून. लातुरात बारावीच्या क्लासची जागा तेव्हा काही महिने आधीच धरावी लागे. गेल्या थंडीत ते त्यासाठी अहमदपूरहून आले, तेव्हा भाड्याच्या खोलीपासून क्लासपर्यंतचं अंतरही त्यांनी मोजून घेतलं. याच गाडीचा ट्रिपमीटर शून्यावर आणला, स्वतः जाऊन आले. सहा किलोमीटर.

उन्हाळ्यात बॅच सुरू झाली, घर लातूरला आलं. रोज सकाळी आकडे शून्यावर आणून अप्पा मुलाला किल्ली देत आणि संध्याकाळी वाकून बघत. आठ भरलेले असत. पोरगा दोन किलोमीटर कुठं घालवतो, एवढा एकच प्रश्न घरात उरला.

दिवाळीपर्यंत पंचाक्षरी खरं सांगत राहिला, की सरळ जातो, सरळ येतो. खऱ्यानं काही भागेना. मधल्या काळात त्याला स्वतःचाच संशय यायला लागला होता. शेवटी एका संध्याकाळी त्यानं कबूल केलं: मैदानावर क्रिकेट बघायला जातो. ते ऐकून अप्पा जितके निवांत झाले, तितके त्याच्या दहावीच्या निकालालाही झाले नव्हते. उद्यापासून जाणं बंद, असं ठरलं. पुन्हा आठ दिसले तर लातूर बंद. उरलेलं वर्ष नांदेडला काकाकडं, जो कामावर जाताना बाहेरून कुलूप लावत असे.

न केलेली गोष्ट बंद कशी करायची, या विचारात पंचाक्षरी रात्रभर जागा राहिला. पण त्याच पहाटे कडाक्याची थंडी पडली, मीटरचे आकडे जागीच अडकले, आणि तो वाचला. आज रविवारी अप्पांनी ते सोडवायला घेतले होते.

अप्पांनी काडीला कापूस गुंडाळला, रॉकेलात बुडवला आणि आकड्यांच्या चकत्यांमागचं वाळलेलं ग्रीस खरवडून काढलं. ते गुळाच्या काकवीसारखं चिकट झालं होतं. मग शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. बाजूची घुंडी फिरवली. चकत्या टक्कन शून्यावर आल्या. पंचाक्षरीनं झाकण खाली ठेवलं.

"मी एक चक्कर मारून येतो क्लासपातूर," अप्पा म्हणाले. "सहा आले की मीटर चांगलं. मग उद्या तू."

ते गेले. शांतम्मानं भाकरी थापायला घेतली. मुलाकडं न बघताच तिनं सांगितलं, की काका वाईट नाही, फक्त कमी बोलतो. नांदेडला लागणारे स्वेटर तिनं दोरीवर उन्हात टाकले होते, हे त्याला तेव्हा दिसलं.

अप्पांना फार वेळ लागला. आले, गाडी स्टँडवर लावली आणि थेट मोरीवर जाऊन हात धुवायला लागले.

"फिरतेत का आकडे?" शांतम्मानं विचारलं.

"फिरतेत."

"मग, आले का सहा?"

अप्पांनी टॉवेलनं एकेक बोट पुसलं.

"दोनदा जाऊन आलो," ते म्हणाले. "दोन्ही बारीला आठ."

तव्यावरची भाकरी करपायला लागली. ती कुणी उलटली नाही.

"थंडीत ग्रीस घट्ट होतंय," अप्पा टॉवेलला सांगत होते. "आकडे मागं पडतेत. मागच्या थंडीत मी मोजलं तवाबी पडले असतील."

दिवाळीपर्यंत रोज म्हटलेलं वाक्य पंचाक्षरीच्या तोंडात तयार होतं. अप्पा त्याच्याकडं बघत नव्हते. नखांत अजून काळं राहिलं होतं, ते कोरत होते.

"मंग ते मैदानावर जातो म्हणलास..." एवढं बोलून ते थांबले.

"जात होतो की," पंचाक्षरी म्हणाला. "गाडी क्लासपशीच लावून. चालत."

अप्पांनी सावकाश मान हलवली. खांदे जरा खाली आले.

"कोण जिंकायचं?"

"शेवटपातूर कधी थांबलो न्हाई."

"थांबत जा एखाद्या दिशी," अप्पा म्हणाले. "डोकं मोकळं होतंय."

पंचाक्षरीनं "हाव" म्हणून मान डोलावली. मैदान क्लासपासून चालत जाण्याइतकं जवळ आहे का, हे उद्या बॅचमधल्या कुणाला तरी विचारावं लागणार होतं.