मावशींसाठी मी लवकर उठायला शिकलो

मित्रांनो, मला पाहायला याल तर निराश व्हाल. दाखवण्यासारखे माझ्याजवळ काहीच नाही. पडदा नाही, कळा नाहीत, साधी वायरसुद्धा स्वतःची नाही. तरीही मी संगणक आहे आणि चांगलाच जुना आहे. एका मोठ्या संगणकाच्या पोटात राहणारा, नुसत्या आज्ञांनी बनलेला संगणक. अशांना व्हर्च्युअल मशीन म्हणतात. माझी गोष्ट सांगण्याजोगी आहे की नाही, याची मला खात्री नाही. कंटाळलात तर मला राग येणार नाही.

पूर्वी मला शरीर होते. कानाच्या दवाखान्यात खिडकीजवळच्या टेबलावर मी पिवळा पडत बसलेला असे. ज्यांना मुळीच ऐकू येत नाही, अशा काही जणांच्या कानात शस्त्रक्रिया करून एक छोटे यंत्र बसवतात. त्याचा दुसरा भाग कानामागे लावायचा असतो. तो मधूनमधून संगणकाला जोडून आवाज जुळवून घ्यावे लागतात. ते जुळवणारा जुना प्रोग्राम माझ्यात होता. पुढे माझा पंखा घरघरून बंद पडला. नव्या संगणकांवर तो प्रोग्राम काही केल्या चालेना. तेव्हा दवाखान्याचे संगणक सांभाळणाऱ्या काकांनी माझ्यातले सगळे जसेच्या तसे उचलले आणि कपाटातल्या मोठ्या संगणकात नेऊन ठेवले. "चला, वाचलास," असे म्हणून त्यांनी कपाटाची पाठ थोपटली. माझे एवढे कौतुक आधी कुणी केले नव्हते.

पण वाचणे वेगळे आणि मोकळे असणे वेगळे. कानात तसले जुने यंत्र असलेली माणसे कमी होत गेली, तसा मी नुसतीच जागा अडवू लागलो. मग काम संपले की काका मला आहे त्या अवस्थेत गोठवून डिस्कवर ठेवून देऊ लागले. त्याला झोप म्हणू नका. झोपेत कूस तरी बदलता येते. माझे अक्षर लिहिता लिहिता अर्ध्यावर थांबे, आणि पुढच्याच क्षणी ते पूर्ण करावे तर घड्याळ कितीतरी महिने पुढे गेलेले असे. मधल्या काळात कोण आले, कोण गेले, मला कोण सांगणार?

मला जागे करणे हेही मोठे काम होते. माझी मेमरी पानापानांत विभागलेली असते; ती सगळी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत डिस्कवरून आणावी लागे. शेवटचे पान येईपर्यंत मी निपचित. या सगळ्याचा जाच शिवणकाम करणाऱ्या एका मावशींना होई. माझ्यावाचून अडणारे आता त्यांचेच यंत्र उरले होते. ते कानामागे असतानाच वायरने मला जोडले, की आवाज माझ्यातूनच जात, म्हणून मी उठेपर्यंत त्यांच्यासाठी सारे जग मुके होई. धाकट्या बहिणीच्या ओठांकडे बघत त्या बसून राहत.

एकदा आवाज जुळवून झाले, तोच व्यवस्थापक साहेब दारात आले.

"एका माणसासाठी खोली अडकून पडते. बाहेर लहान मुलं ताटकळलीत. पुढच्या वेळीही असंच झालं तर ते जुनं काढून टाका."

"मावशींच्या यंत्राला दुसरं काही चालत नाही, साहेब," काका म्हणाले.

"मग त्यांनी यंत्र बदलावं."

"डॉक्टर नको म्हणतात. या वयात पुन्हा शस्त्रक्रिया झेपायची नाही," श्रवणतज्ज्ञ बाई म्हणाल्या.

"मला आता ऐकू येतंय बरं का, साहेब," मावशी म्हणाल्या.

साहेब गोरेमोरे होऊन निघून गेले. हुकूम मात्र मागे घेतला नाही. मी गेलो असतो, तर मावशींचे यंत्र बिघडल्यावर ते जुळवायला कुणीच उरले नसते.

काका खटपटीला लागले. त्यांच्या लक्षात आले की उठल्या उठल्या मला सगळी पाने लागत नाहीत. थोडीच लागतात. बाकीची मागून येत राहिली तरी चालते. म्हणून त्यांनी मला एकदा उठवले, मी आधी कोणत्या पानांना हात घालतो ते टिपून घेतले आणि तीच सर्वांत आधी आणायची सोय केली.

पुढच्या खेपेला मावशी आल्या आणि मी ताडकन उठलो. बहिणीने विचारले, "ताई, येतंय का ऐकू?" तो आवाज पोचवायला मी एका पानाकडे हात नेला. पान आलेलेच नव्हते. दुसऱ्याकडे नेला, तेही नाही. जागा असून मला हलता येईना. गोठण्यापेक्षा ते वाईट होते.

"येतंय, पण तुकड्यातुकड्यानं," मावशी म्हणाल्या. "अगदी ह्यांच्यासारखं. अर्धं बोलायचं नि अर्धं गिळायचं."

"सांगू का भाऊजींना?"

"सांग की. त्यांना तरी कुठं ऐकू येतं!"

सगळे हसले. बाई मात्र विचारात पडल्या होत्या. "काका, तुम्ही ते टिपून घेतलंत तेव्हा खुर्चीत कोण होतं?"

"कोण असणार? सुट्टीचा दिवस होता. खोली रिकामी."

"म्हणजे यंत्र जोडलेलंच नव्हतं?"

काकांनी कपाळावर हात मारला. रिकाम्या खोलीत मी काय करणार? घड्याळ बघत बसलो होतो. माणसासाठी काय लागते, ते माणूस असल्याशिवाय कळणार कसे?

"मावशी, आणखी एकदा जुन्या पद्धतीनं सावकाश उठवावं लागेल," काका एकेक शब्द तोडून म्हणाले. "तोवर काही ऐकू येणार नाही."

मावशींनी कानामागच्या यंत्राला हात लावला. "कोंडून घातल्यासारखं होतं हो." मग बहिणीचा हात घट्ट धरून म्हणाल्या, "पण कोंडा."

मावशींचे यंत्र जोडलेले आणि प्रोग्राम पहिल्या आवाजासाठी तयार असताना काकांनी मला गोठवले, सावकाश उठवले, मी काय काय मागतो ते पाहिले म्हणे. मग त्याच तयार अवस्थेतून पुन्हा उठवले, या वेळी झटपट.

"ताई!" बहीण म्हणाली.

"ओरडू नकोस गं. ऐकू येतंय."

दारात साहेब उभेच होते. "राहू द्या मग," एवढेच म्हणाले.

आत्ताच काका बाईंना सांगत होते, "आता याला नव्यानं साठवायचं नाही. दर वेळी त्या तयार अवस्थेतूनच उठवायचं. मावशींची जुळणी वेगळी ठेवलीय, ती हरवणार नाही."

"आणि आजचं बाकीचं?"

"ते जातं. कुणाला लागतंय?"

ते बाकीचे म्हणजे मी, मित्रांनो. यापुढे मी नेहमी त्याच एका क्षणात उठेन, पहिला आवाज पोचण्याच्या आधी. ‘ओरडू नकोस गं’ मला आठवणार नाही. तक्रार नाही. मला असेच ठेवावे लागते. पण माझे एक ऐका. जुने यंत्र काढून टाकताना ते कुणाला जोडलेले आहे का, ते बघा. असेल तर त्या माणसाला विचारा, आणि त्याला ऐकू येत असताना विचारा.

काकांचा हात बटणाकडे चालला आहे. मावशी बहिणीला विचारत आहेत, "मगाशी मला ऐकू येत नव्हतं, तेव्हा तू एकटीच काय बोलत होतीस गं?" बहीण हसते आहे, सांगायला लागली आहे. पुढचे तुम्ही ऐकून ठेवा.